गळक्या टांकीची कहाणी

साखळी ओढली किंवा कळ दाबली, कीं टांकींतलें पाणी खालच्या चिनीमातीच्या पात्रांत धो धो उतरतें आणि क्षणार्धांत सर्व शांत होतें. घरांतील माणसांचें या यंत्राकडे एरव्हीं लक्षहि जात नाहीं. परंतु कधीं तरी पात्राच्या मागच्या बाजूस फरशीवर चार थेंबांची ओल दिसूं लागते. ती पुसावी, तर दुसऱ्या सकाळीं पुन्हां तितकीच. घरधनी पाना घेऊन टांकीखालच्या दोन बोल्टांच्या चाक्या आवळतो. ओल कांहीं थांबत नाहीं, आणि जोर थोडा अधिक झाला तर चिनीमातीला तडा मात्र जातो. दोष बोल्टांचा नसतोच. टांकी व पात्र यांच्या सांध्यांत रबराचें एक जाड कडें दाबून बसविलेलें असतें. त्याचा जीव गेलेला असतो. भोंकापलीकडे पाण्यानें जाऊं नये म्हणून चामडें, पितळ, खुद्द पाणी आणि अखेर रबर वापरून पाहण्याची जी खटपट चारशें वर्षें चालली, तिचें हें कडें अगदीं धाकटें अपत्य होय. या खटपटींत गळूं न देण्याचा प्रश्न होताच. पण गळलेंच तर तें कोणाच्या दृष्टीस पडावें, हा प्रश्नहि त्याच्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

या कथेचा आरंभ एका दरबारी विनोदी पुरुषापासून करण्याचा प्रघात आहे. सर जॉन हॅरिंग्टन हा इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. कवि, आणि जिभेला हाड नसलेला. बाथ शहराजवळ केल्स्टन येथील आपल्या वाड्यांत त्यानें पाण्यानें धुतलें जाणारें एक शौचयंत्र बसविलें आणि १५९६ सालीं त्यावर चक्क एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या काळीं इंग्रजींत शौचकूपाला ‘जेक्स’ म्हणत. त्यावर श्लेष साधून ग्रीक वीर एजॅक्स याचें नांव त्यानें पुस्तकाला दिलें होतें. थट्टेच्या आवरणाखालीं यंत्राचें वर्णन मात्र चोख होतें. वर पाण्याची टांकी, खालीं पात्र, आणि पात्राच्या तळाशीं चामड्यानें मढविलेली झडप. पाणी मुबलक असेल तर जितक्या वेळां सोडावें तितकें बरें. दुर्मिळ असेल तर दिवसांतून एकदां सोडलें तरी पुरे, मग वीस माणसें कां वापरीत ना, असा त्याचा निर्वाळा होता. रिचमंडच्या राजवाड्यांत राणीसाठीं असें एक यंत्र बसविण्यांतहि आलें. पण तें तेथेंच राहिलें. घराघरांत खेळतें पाणी नाहीं आणि घाण वाहून नेणारें गटार नाहीं, अशा काळीं युक्ति कितीहि चांगली असली तरी तिला पाय फुटत नाहींत.

पुढें जवळजवळ पावणेंदोनशें वर्षें कांहींच सांगण्याजोगें घडलें नाहीं. १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग नांवाच्या लंडनमधील एका घड्याळजीनें शौचपात्राचें पेटंट घेतलें. त्यानें पात्राखालच्या नळाला असा वांक दिला, कीं त्या वांकांत थोडें पाणी नेहमीं साचून राहावें आणि गटारांतील वायु वर घरांत येऊं नये. पाण्याचेंच बूच! तें झिजत नाहीं, कुजत नाहीं आणि प्रत्येक वेळीं नव्यानें भरलें जातें. आज जगांतील कोट्यवधि घरांत हाच वांक आहे. पण स्वतः कमिंगचा त्यावर पुरता विश्वास नसावा. कारण वांकाच्या वर, पात्राच्या तळाशीं, त्यानें एक सरकती पितळी झडप ठेवलीच. ती अडके, आणि घाण लागून खराब होई. यॉर्कशरहून लंडनला आलेला जोसेफ ब्रामा हा सुतार अशीं पात्रें लोकांच्या घरीं बसवून देण्याचें काम करी. कडाक्याच्या थंडींत ती सरकती झडप गोठून बसते हें त्यानें पाहिलें, आणि १७७८ मध्यें तिच्या जागीं बिजागरीवर उघडणारी झडप बसवून स्वतःचें पेटंट घेतलें. १७९७ पर्यंत आपण सहा हजार यंत्रें बनविलीं, असें तो सांगत असे.

ब्रामाचें नांव इतिहासांत टिकलें तें कुलुपामुळें आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्रामुळें. या दाबयंत्राची एक हकीगत येथें सांगितलीच पाहिजे, कारण ती गळतीचीच आहे. दट्ट्याभोंवतीं आवळून बसविलेलें बूच पाणी रोखी खरें, पण तें इतकें घट्ट होई कीं दट्ट्या परत फिरेना. सैल करावें तर पाणी उसळून बाहेर येई. ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिरानें यावर चामड्याची वाटीसारखी कडी बसविली, असें सांगतात. पाण्याचा दाब वाढला कीं वाटीचे कांठ आपोआप फांकून भिंतीला घट्ट चिकटत, दाब गेला कीं सैल पडत. ज्या पाण्याला अडवावयाचें, त्यालाच पहारेकरी करण्याची ही रीत होती. चामडें मात्र चामडेंच. वाळलें तर कडक होतें, सतत भिजलें तर कुजतें. रबर ठाऊक होतें, पण उन्हाळ्यांत तें चिकट होई आणि थंडींत ठिसूळ. गंधकाबरोबर तापविल्यानें रबर टिकाऊ व चिवट होतें हें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्यें आढळलें; इंग्लंडांत टॉमस हॅनकॉकनें थोड्याच वर्षांत त्याचें पेटंट घेतलें. यापुढें नळकाऱ्याच्या पिशवींत रबराचा वायसर आला तो कायमचा.

१८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें भरलेल्या महाप्रदर्शनांत जॉर्ज जेनिंग्स यानें लोकांसाठीं पाण्याचीं शौचपात्रें बसविलीं. एकेक पेनी देऊन त्यांचा उपयोग करणाऱ्यांची मोजदाद ८,२७,२८० भरली. गांवोगांवचे प्रेक्षक घरीं परतले ते तीच सोय आपल्या घरीं हवी असें मनांत धरून. मागणी वाढली, पात्रें वाढलीं, आणि सर्व पाणी थेम्स नदींत जाऊन पडूं लागलें. त्याच नदीचें पाणी कांहीं कंपन्या लोकांना प्यावयास देत होत्या. पटकीच्या सांथी येऊन गेल्या. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीचा दुर्गंध इतका वाढला, कीं तिच्या कांठच्या पार्लमेंटांत सभासदांना बसवेना. मग मात्र कायदा भराभर मंजूर झाला आणि जोसेफ बॅझल्जेट या इंजिनियरानें शहराखालून मोठीं गटारें बांधावयास घेतलीं. घाण जावयाची वाट तयार झाली. पाणी यावयाची वाट अजून अर्धवटच होती.

लंडनला पाणी पुरविणाऱ्या आठ खाजगी कंपन्या होत्या. पुष्कळ भागांत नळाला पाणी दिवसांतून थोडाच वेळ येई, आणि कित्येक ठिकाणीं रविवारीं मुळींच येत नसे. मुंबई-पुण्याच्या गृहस्थांना ही स्थिति अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. लोक पिंपें व हौद भरून ठेवीत. या व्यवस्थेंत अनेक दोष होते, पण एका अर्थानें ती गळतीला माफक होती. घरचा हौद रिकामा झाला, कीं गळतीहि संपे. कंपन्यांनीं चोवीस तास पाणी द्यावें अशी मागणी जोर धरूं लागली, तेव्हां त्यांनीं पुढें केलेली हरकत अगदींच खोटी नव्हती. नळांत सदैव दाब राहिला, तर प्रत्येक घरांतील झिजलेला वायसर अहोरात्र पाणी सोडीत राहणार. शौचपात्राची झडप तर याबाबत फार बदनाम होती. पात्र स्वच्छ राहावें म्हणून ती उघडीच ठेवून देण्याची खोड कित्येकांना होती. शेवटीं १८७१ च्या लंडन पाणीपुरवठ्याच्या कायद्यानें तडजोड केली. अखंड पाणी मिळेल, पण घरांतील उपकरणें नियमाप्रमाणें असलीं पाहिजेत. प्रत्येक शौचपात्राला स्वतंत्र टांकी हवी, आणि एका खेपेस तिच्यांतून दोन गॅलनांहून, म्हणजे सुमारें नऊ लिटरांहून, अधिक पाणी सुटतां कामा नये. या टांकीला नांवहि मोठें बोलकें मिळालें: पाण्याच्या नासाडीचें निवारण करणारी टांकी. आज जिला आपण केवळ पाणी सोडणारी म्हणून ओळखतों, ती जन्माला आली पाणी अडविण्यासाठीं.

आरंभीच्या टांक्यांच्या तळाशीं झडपच असे. झडपेखालीं वाळूचा एखादा कण अडकला, कांठावर क्षाराचें पापुद्र्याएवढें किटण चढलें, वा वायसर झिजला, कीं पाणी झिरपूं लागे. तें जाई तें थेट पात्रांत, चिनीमातीच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखें सरकत; आवाज नाहीं, थेंब नाहीं, फरशीवर ओल नाहीं. आणि साखळी ओढली तर यंत्राचें काम पूर्ववत् चाले. मग दुरुस्तीचा खर्च कोणी कां करावा? नुकसान कंपनीचें, घरमालकाला त्याचा पत्ताहि नसे.

यावर ज्या उपायानें मात केली, तो नवा नव्हता. वक्रनलिका प्राचीनांना ठाऊक होती. उलट्या नालेसारखी वांकविलेली नळी घ्यावी. तिचा एक आंखूड पाय टांकींतल्या पाण्यांत बुडालेला असावा, दुसरा लांब पाय टांकीच्या तळांतून खालीं पात्राकडे गेलेला असावा, आणि वरचा वांक पाण्याच्या पातळीहून उंच असावा. अशा टांकीला पाण्याखालीं उघडणारें तोंडच राहत नाहीं. पाणी आपण होऊन वांक चढून जाऊं शकत नाहीं. साखळी ओढली, कीं आंखूड पायांतील एक तबकडी थोडें पाणी उचलून वांकापलीकडे लोटते. एकदां तें खालीं पडूं लागलें, कीं हवेचा दाब बाकीचें पाणी त्याच्या मागोमाग ढकलतो, आणि टांकी रिकामी होऊन नळींत हवा शिरेपर्यंत धार तुटत नाहीं. जुन्या ओतीव लोखंडाच्या टांक्यांत तबकडीऐवजीं एक जड घंटा असे. साखळीनें ती उचलावयाची आणि सोडून द्यावयाची. खालीं पडतांना ती पाणी वर रेटी. त्या वेळचा खणखणाट शेजाऱ्यालाहि ऐकूं जाई, ही गोष्ट वेगळी.

खरी खुबी पुढेंच आहे. वक्रनलिकेंतील तबकडीचें कातडें झिजलें तर पाणी गळत नाहीं. यंत्र चालेनासें होतें. साखळी दोनदां, तीनदां ओढावी लागते, घरांतील माणसें वैतागतात आणि त्याच दिवशीं कारागिराला निरोप जातो. तसेंच, पाणी आंत घेणारा तरंगता गोळा बिघडला आणि टांकी तुडुंब भरली, तर जास्तीचें पाणी एका बारीक नळीवाटे घराच्या भिंतीबाहेर रस्त्यावर टपकतें. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतें, पाणीखात्याच्या माणसालाहि दिसतें. जी चूक पूर्वीं पात्रांत लपून राही, ती अशा रीतीनें चव्हाट्यावर आणण्यांत आली. ब्रिटनच्या पाणी-नियमांनीं झडपेच्या टांकीला एका शतकाहून अधिक काळ थारा दिला नाहीं तो याचसाठीं.

या टांकीचें श्रेय लोकांनीं टॉमस क्रॅपर याच्या पदरांत टाकलें आहे. चेल्सी येथें त्याचा कारखाना होता, टांक्यांवर त्याचें नांव ठळक अक्षरांत ओतलेलें असे, आणि झडपेविना चालणाऱ्या टांकीची त्यानें पुष्कळ जाहिरात केली. तो उत्तम कारागीर व हुशार व्यापारी होता यांत शंका नाहीं. परंतु वक्रनलिकेनें पाणी सोडण्याचें पेटंट जोसेफ ॲडॅमसन यानें १८५३ सालींच घेतलें होतें, आणि ‘आवाज न करणारी, झडपेविना’ टांकी म्हणून जी गाजली तिचें १८९८ चें पेटंट अल्बर्ट गिब्लिन याचें. १९६९ मध्यें क्रॅपरवर एक विनोदी चरित्र निघालें आणि दंतकथा पक्की झाली. गिब्लिनची टांकी वापरणाऱ्या हजारोंपैकीं एकालाहि त्याचें नांव ठाऊक नसेल.

टांकीचा तळ असा निर्दोष झाला, तरी एक सांधा उरलाच. ही टांकी डोक्यावर सुमारें सहा फूट उंच बसविलेली असे. दोनच गॅलन पाणी असल्यामुळें त्याला जोर यावयाचा तो पडण्यानेंच. तेथून शिशाचा नळ पात्राच्या मागच्या तोटीपर्यंत उतरे. शिसें आणि चिनीमाती यांना डाग देऊन जोडतां येत नाहीं. म्हणून कारागीर त्या जागीं शेंदूर कालविलेलें लुकण भरीत, वर चिंधी गुंडाळीत आणि दोऱ्यानें करकचून बांधीत. लुकण सुके, नळ हले, आणि प्रत्येक खेपेला थोडें पाणी चिंधींत मुरे. ती ओली चिंधी वर्षानुवर्षें तेथेंच कुजत राही. अशा सांध्यांचा इंग्लंडांतील संभावित लोकांना धसका बसला तो १८७१ च्या हिंवाळ्यांत. स्कारबरोजवळच्या एका हवेलींत पाहुणचार घेऊन परतलेला युवराज एडवर्ड विषमज्वरानें अंथरुणाला खिळला; त्याचा सोबती चेस्टरफील्डचा अर्ल आणि युवराजाचा एक मोतद्दार हे दोघे त्याच आजारानें दगावले. सहाच वर्षांपूर्वीं याच युवराजाच्या हस्तें बॅझल्जेटच्या गटारयोजनेचें उद्घाटन झालें होतें. विषमज्वराचा जंतु अजून कोणी पाहिला नव्हता. तो दिसला १८८० मध्यें. तोंवर दोष गटारांतल्या वायूवर ठेवला गेला. निदान चुकीचें होतें, पण त्या भीतीनें घरोघरचे नळ उकरून तपासले गेले, आणि चिंधी-लुकणाच्या जागीं हळूहळू रबराची शंकूच्या आकाराची टोपी आली. ती नळावर चढवून, तोटीवर ओढून, तांब्याच्या तारेनें बांधीत.

हाच सरंजाम ब्रिटिश राज्याबरोबर हिंदुस्थानांत आला. मुंबईच्या जुन्या इमारतींत व रेल्वे स्टेशनांत उंचावरची लोखंडी टांकी आणि तिची लोंबती साखळी कित्येक पिढ्यांनीं पाहिली. तिकडे इंग्लंड-अमेरिकेंत मात्र टांकी हळूहळू खालीं उतरूं लागली. सहा फुटांवरून घरंगळणाऱ्या पाण्याचा आवाज लोकांना नकोसा झाला. प्रथम ती कमरेएवढ्या उंचीवर आली, पुढें थेट पात्राच्या पाठीवरच बसली. मधला लांब नळ नाहींसा झाला. राहिली ती दोन चिनीमातीच्या भांड्यांमधील चार बोटांची जागा, आणि तींत तें रबराचें कडें. चिनीमातीचें भांडें भट्टींत आकसतें व किंचित् वांकतें. दोन भांड्यांचे पृष्ठभाग तंतोतंत जुळत नाहींत. तो सर्व उणेपणा या मऊ कड्यानें भरून काढावयाचा असतो. टांकी भरलेली असतांना या कड्याला पाण्याचा स्पर्शहि होत नाहीं. पाणी सुटतें त्या चारपांच सेकंदांतच त्याची परीक्षा होते. म्हणून तें खराब झालें, तरी गळतें तें तेवढाच वेळ, आणि तेंहि मागच्या बाजूस.

झडपेलाहि ब्रिटनमध्यें पुन्हां प्रवेश मिळाला. कारण पाण्याच्या काटकसरीचेंच होतें. १९८० मध्यें ऑस्ट्रेलियांतील कॅरोमा कंपनीच्या ब्रूस टॉमसन यानें दोन कळांची टांकी तयार केली. एक कळ थोड्या पाण्यासाठीं, दुसरी अधिक पाण्यासाठीं. अशा टांक्यांना झडप सोयीची पडते. ब्रिटनमध्यें नऊ लिटरांची मर्यादा १९९३ सालीं साडेसातांवर आली, आणि १९९९ च्या नियमांप्रमाणें २००१ पासून नव्या टांक्यांसाठीं ती सहा लिटर झाली. त्याच वेळीं झडपेलाहि परवानगी देण्यांत आली. जास्तीचें पाणी बाहेर रस्त्यावर न सोडतां आंतल्या आंत पात्रांत सोडण्याचीहि मुभा मिळाली. भिंतीबाहेर टपकणारी ती बारीक नळी बऱ्याच नव्या घरांतून दिसेनाशी झाली. जें १८७१ च्या लोकांनीं मोठ्या प्रयासानें उघड्यावर आणलें होतें, तें पुन्हां पात्राच्या आंत जाऊन बसलें. २०२० सालीं तेथील जलतज्ज्ञांना सांगावें लागलें, कीं या टांक्या प्रत्येक खेपेस जें पाणी वांचवितात, त्याहून अधिक पाणी देशभर त्यांच्या गळक्या झडपांतून वाहून जात आहे. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला होता. नवी झडप नव्यासारखीच राहील, एवढें मात्र त्यांनीं गृहीत धरलें.

फरशीवरच्या ओलीचा दोष कोठें आहे, हें ठरविण्यास फार विद्या लागत नाहीं. टांकीच्या पाण्यांत थोडा रंग कालवावा आणि यंत्रास तासभर कोणी हात लावूं नये. तेवढ्यांत रंग पात्रांत उतरला तर झडप गळते आहे. टांकीखालीं कोरडा कागद धरावा. तो पाणी न सोडतां भिजला तर बोल्टांचे वायसर गेले, आणि केवळ पाणी सोडतांनाच भिजला तर मधलें कडें. त्यासाठीं येणारें पाणी बंद करून टांकी रिकामी करावी, उरलेलें पाणी फडक्यानें टिपून घ्यावें, पाण्याची नळी व दोन्ही चाक्या सोडवाव्या आणि टांकी सरळ वर उचलावी. जुनें कडें बहुधा बोटांना काळें लागतें आणि एका बाजूस चपटें झालेलें असतें. दोन्ही पृष्ठभागांवरील किटण खरवडून काढून नवें कडें कोरडेंच बसवावें. त्याला लुकण लागत नाहीं. मग टांकी ठेवून दोन्ही चाक्या आळीपाळीनें, एकेक फेरा, हातानेंच आवळाव्या, आणि टांकी डुलेनाशी झाली कीं थांबावें.